मुका महिना

बेंजामिन हायम सोगावकर हे पूर्ण नाव बारामतीत कुणी उच्चारत नसे. पोस्टमन 'बेंजामिन साहेब' म्हणायचा, त्यांच्याकडे गाणं शिकायला येणारी माणसं 'सर' म्हणायची, आणि मंडईतल्या बाया त्यांना सरळ 'सिस्टरचं मालक' म्हणायच्या. हे शेवटचं नाव त्यांना सगळ्यात आवडे. सिस्टर म्हणजे त्यांच्या पत्नी सिमहाबाई. बारामतीतल्या एका प्रसूतिगृहात त्यांनी उभी हयात नोकरी केली. आसपासच्या गावांतल्या कितीतरी पोरांची पहिली आंघोळ त्यांच्याच हातून झाली होती.

सोगावकर मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल ज्यू. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे, धर्माप्रमाणे शनिवारी तो बंद ठेवायचे. आजोबा पुण्यात आले. बेंजामिन सरांनी पुण्यातल्या एका शाळेत पाश्चात्त्य संगीत शिकवलं, मुलांचा चार आवाजांचा क्वायर, म्हणजे समूहगानाचा संच, बांधला, आणि निवृत्त झाल्यावर कीबोर्ड आणि पुस्तकांच्या दोन पेट्या घेऊन ते बायकोच्या नोकरीच्या गावी, म्हणजे बारामतीला, कायमचे राहायला आले. एकुलता एक मुलगा इस्राएलला, अश्दोदला. तो दर शुक्रवारी दुपारी फोन करायचा आणि दर वेळी एकच विचारायचा, "तुम्ही दोघं तिथं काय करताय?"

पहिले काही महिने सरांनाही हाच प्रश्न पडला होता. सकाळ-संध्याकाळ ते कीबोर्डवर जुनी गाणी वाजवत बसत. एकदा सिमहाबाई ड्यूटीवरून आल्या, चपला काढता काढता म्हणाल्या, "अहो, भिंतींना किती दिवस ऐकवणार? माणसांना शिकवा की."

"कोण शिकणार इथं?"

"का? इथल्या लोकांना गळे नाहीत?"

त्यांनीच पहिली माणसं आणली. कुशाबाई आल्या. कोऱ्हाळ्याच्या. त्यांची दोन्ही बाळंतपणं सिमहाबाईंनी केलेली, त्यामुळे सिस्टरचा शब्द मोडायचा नाही म्हणून आल्या, आणि मग येतच राहिल्या. अंथुर्ण्याचे गेणबा आले, गळ्यात तुळशीची माळ, ऊस आणि दोन म्हशी सांभाळून भजनात टाळ धरणारे. दूध डेअरीतली दोघं आली, कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या मुली आल्या. औद्योगिक वसाहतीची सुट्टी गुरुवारी, म्हणून तालीम गुरुवारी. भिगवण रस्त्यालगतच्या एका शाळेने दुपारनंतर एक वर्ग वापरायला दिला.

आणि लासुर्ण्याहून कचरू आणि त्यांची मुलगी करुणा आली.

कचरू साखर कारखान्यात मिलहाऊसला, ऊस पिळायच्या यंत्रांना तेल घालणारे, ऑइलमन होते. तरुणपणी गायन पार्टीत होते, चौदा एप्रिलला गावोगाव फिरून गायलेले. आवाज असा खोल, की वर्गातल्या खिडकीची सैल काच थरथरायची. सरांनी पहिल्या दिवशी त्यांचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "कचरूराव, तुम्ही बास."

कचरू ओशाळून खाली बसायला लागले. त्यांना वाटलं, सर म्हणतायत पुरे झालं. मग करुणा हसली, सर हसले, सगळा वर्ग हसला. चार आवाजांतल्या सगळ्यात खालच्या आवाजाला बास म्हणतात हे कळल्यावर कचरूंनी ते नाव अभिमानाने मिरवलं. कारखान्यात कुणी विचारलं की सांगायचे, "आमी बास हाय. आमच्याबिगर पुरं व्हत न्हाय."

करुणा वरच्या आवाजात गायची. सत्तावीस वर्षांची, कपड्यांच्या कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर काम करणारी. दिवसभर मशीनच्या आवाजात बसून तिचे कान बधिर झाले असतील असं सरांना वाटलं होतं, पण चार आवाजांत एखादा सूर उतरला की तो कुणाचा हे तिला सरांच्या आधी कळे.

शिकवणं सोपं नव्हतं. गेणबांना वर्षानुवर्षं सवय होती, की एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी त्याच्याच वाटेने त्याच्या मागून जायचं. इथे चार आवाज चार वाटांनी निघायचे आणि तरीही एकत्र पोचायचं. गेणबा कुशाबाईंच्या सुरावर घसरायचे आणि स्वतःवरच वैतागायचे. "सर, शेजारची बाई येगळं म्हनती तर आपलं आपल्याला ऐकू कसं यावं?"

"ऐकू येऊ द्या की दोन्ही," सर म्हणायचे. "फक्त तुमचं सोडू नका."

दुसऱ्या वर्षी सरांनी एक जुनं लॅटिन गाणं काढलं. युरोपातल्या देवळांत मृतांसाठी म्हणायचं, चार आवाजांचं. त्यांनी फळ्यावर देवनागरीत शब्द लिहिले आणि खाली अर्थ लिहिला: गेलेल्यांना विसावा मिळो.

कचरूंनी हात वर केला. "सर, हे खिस्ती लोकांचं. तुमी ज्यू. आमी बौद्ध. गेणबा माळकरी. मग हे गाणं नक्की कुनाचं?"

सरांनी खडू खाली ठेवला. "कुणीतरी गेलंय असं ज्याचं ज्याचं, त्याचं."

"मग आमचंबी हाय," कुशाबाई हळूच म्हणाल्या. त्यांचा थोरला मुलगा उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता.  मग सरांनी कीबोर्डवर पहिला सूर दिला.

त्या गाण्यावर वर्ष गेलं. कारखान्यांचं उसाचं गळीत संपल्यावर, मार्चमध्ये, इंदापूरच्या सभागृहात कार्यक्रम करायचा ठरलं. बायकांनी एकसारख्या निळ्या काठाच्या साड्या घेतल्या. गेणबांनी घरच्यांना न सांगता नवा शर्ट शिवून घेतला.

जानेवारीत कचरूंना घास गिळता येईना. पुण्याला नेलं. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, आणि तोही पुढे गेलेला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. करुणाने हे सरांना वर्गाबाहेर, व्हरांड्यात उभं राहून सांगितलं. आत कचरू बाकाला टेकून बसले होते आणि हळू आवाजात आपली ओळ घोकत होते.

"त्यांना माहीत आहे?" सरांनी विचारलं.

"सगळं म्हाईत हाय. म्हनत्यात, आवाज हाय तवर एकदा आख्खं गाणं उभं ऱ्हाऊन म्हनायचंय. लोकांम्होरं. बाकी काय मागत न्हाईत."

"म्हणतील," सर म्हणाले. "मार्च काही लांब नाही."

फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी सिमहाबाई स्वयंपाकघरात चहा गाळताना खाली बसल्या. सर बैठकीत होते. भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून गेले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ज्या इमारतीत त्यांनी आयुष्य घालवलं, तिथल्याच नर्सेसनी त्यांना शेवटचं पुसून स्वच्छ केलं, आणि मग पुण्याहून ज्यू समाजाच्या बायका आल्या तेव्हा त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे पुन्हा केलं. दफन पुण्यात झालं. क्वायरमधले सगळे टेम्पो करून गेले. कचरूही गेले, ताप असताना. कबरीत माती लोटायची वेळ आली तेव्हा सरांनी फावडं कचरूंच्या हातात दिलं.

ज्यूंच्यात घरचं माणूस गेलं की सात दिवस जमिनीवर बसतात. मग महिना पुरा होईपर्यंत दाढी करत नाहीत, समारंभाला जात नाहीत, आणि संगीत ऐकत किंवा करत नाहीत. सरांनी आरशावर चादर टाकली. कीबोर्ड कपाटात ठेवला. मुलगा आठवडाभर येऊन राहिला, बरोबर चला म्हणून विनवून परत गेला. कार्यक्रम महिनाभर पुढे गेला. सभागृहवाल्याने तारीख बदलून दिली. क्वायरमधल्या सगळ्यांना ते रास्तच वाटलं.

पण कचरूंचा आजार कुणासाठी थांबणारा नव्हता.

करुणा एका दुपारी अर्धी सुट्टी टाकून सरांच्या घरी आली. सरांच्या दाढीचे खुंट वाढलेले, सदऱ्याची गळ्याजवळची कडा फाटलेली. दफनाच्या दिवशी रीतीप्रमाणे फाडलेला तोच सदरा त्यांनी घातला होता. त्यांनी स्वतः चहा केला. साखर कुठल्या डब्यात असते ते त्यांना सापडेना, तेव्हा करुणाने उठून शोधून दिली.

"सर, आप्पांना आता पेजसुदिक उतरत न्हाय," ती म्हणाली. "आवाज बसत चाललाय. अजून थोडा हाय. या गुरुवारी तुमी आलात तर ते म्हनतील. सभागृह नको, लोक नकोत. आमच्या अंगणात, आपले आपण. एकदाच."

सरांनी कप खाली ठेवला.

"करुणा, मला नाही येता येणार."

"महिन्यामुळं?"

"हो."

"तुमचा देव येवढा कडक हाय?"

"देवाचं मला ठाऊक नाही," सर म्हणाले. "आमच्यात गेलेल्या माणसासाठी रोज एक प्रार्थना म्हणायची असते. ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा ज्यू पुरुष लागतात. बारामतीत मी एकटा आहे. माझ्या बायकोसाठी मी ती प्रार्थना दफनानंतर एक दिवसही म्हणू शकलेलो नाही. तिला द्यायला माझ्याकडे आता एवढंच आहे, की महिनाभर माझ्या घरात आणि माझ्या हातून गाणं होणार नाही. ते पण मोडलं, तर मी तिच्यासाठी काय केलं?"

करुणाचे डोळे भरले, पण ती मागे हटली नाही. "सर, सिस्टर असत्या तर काय म्हनल्या असत्या?"

त्याचं उत्तर सरांना ठाऊक होतं. सिमहाबाई चपला घालत म्हणाल्या असत्या, चला उठा. ते उठले नाहीत. करुणाने कप विसळून पालथा ठेवला आणि ती गेली.

चार दिवसांनी सर एसटीने लासुर्ण्याला गेले. करुणा कामावर होती, तिची आई अक्काबाई घरी. कचरू पत्र्याच्या शेडखाली बाजेवर पडले होते. इतके वाळलेले, की अंगावरची चादर नुसती बाजेवर अंथरल्यासारखी दिसत होती. सरांना बघून ते उठायला लागले. सरांनी त्यांना खांद्याला धरून परत आडवं केलं.

"पोरगी आली व्हती ना तुमच्याकडं?" कचरूंनी विचारलं. आवाज घोगरा झाला होता, पण तळाशी तोच होता.

"आली होती."

"मला न इचारता गेली. काय म्हनलात?"

"नाही म्हणालो." सर थांबले. "पण मी आज तेच बोलायला आलोय, कचरूराव. मला झोप लागत नाहीये. तुम्ही म्हणत असाल तर येत्या गुरुवारी मी येतो. बाकीच्यांना घेऊन येतो."

कचरू सरांकडे कुशीवर वळले. अक्काबाई उंबऱ्यात बसून भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले.

"सर, माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. घरातलं देव नीरेत सोडलं. त्यानंतर माझ्या आधीचा भाऊ तापानं फनफनला. आजी म्हनली, देवीला नवस बोल. भावकी म्हनली, एक नारळ फोड. बाप न्हाय म्हनला. पोर खांद्यावर घेतलं आन् डाक्टर गाठाया पायी बारामतीला निघाला. पोर वाटंतच गेलं." ते दम घ्यायला थांबले. "मानसं मरंपतुर त्याला बोलत व्हती. एक नारळ फोडला असता तर काय झालं असतं? बाप म्हनायचा, नारळानं पोर वाचलं असतं असं न्हाय. पर म्या मात्र मेलो असतो."

सर बाजेच्या कडेवर टेकले.

"तुमी सिस्टरसाठनं धरलंय, ते धरा. माझ्यापायी मोडलं तर मला ते गाणं गोड लागायचं न्हाय."

"आणि तुम्ही?"

"मी थांबतो की." ते हसले. दात तेवढे मोठे दिसले. "आन् न्हाय थांबलो, तर गाणं काय कुठं पळून जातंय व्हय?"

निघताना कचरूंनी सरांचा हात धरून ठेवला. तळवा अजून खरखरीत होता, कारखान्याचं तेल कातडीत मुरलेलं. सर बसस्टॉपवर येऊन बसले. समोरून उसाने भरलेल्या ट्रॉल्या जात होत्या. गळीत संपत आलं होतं. एक बस आली आणि गेली, तरी ते उठले नाहीत.

महिना पुरा व्हायला आठवडा होता तेव्हा कचरू गेले.

लासुर्ण्याच्या स्मशानभूमीत बरीच माणसं जमली. कारखान्यातली, गावातली, जुन्या गायन पार्टीतले दोन म्हातारे. सगळे पांढऱ्या कपड्यांत. क्वायरही आला होता, आणि एका कडेला, बाभळीपाशी, फाटक्या सदऱ्यावर जाकीट घालून सर उभे होते. बौद्धाचार्यांनी मेणबत्त्या लावल्या. ते त्रिशरण सुरू करणार, एवढ्यात करुणा पुढे झाली.

"गुरुजी, थोडं थांबा. आप्पांचं एक गाणं ऱ्हायलंय."

ती क्वायरकडे वळली. सगळ्यांनी आधी सरांकडे पाहिलं.

"सरांकडं बघू नका," ती म्हणाली. "म्हना."

तिने स्वतः सूर दिला आणि सुरुवात झाली. पहिल्या ओळीत फक्त बायका असतात, ती ओळ नीट गेली. गावातली माणसं टोप्या हातात घेऊन ऐकायला लागली. परक्या भाषेतलं गाणं, पण त्यात रडणं आहे हे त्यांना कळत होतं. दुसऱ्या ओळीला खालून बास यायचा. बासमध्ये अजून दोघं होते, डेअरीतले, पण ते आजवर कचरूंच्या पाठीवरून चालत आलेले. कुठे शिरायचं ते त्यांना सुचेना. एक लवकर शिरला, दुसरा गप्प राहिला. कुशाबाई त्यांच्यासाठी थांबल्या. गेणबांनी कुशाबाईंकडे पाहिलं आणि त्यांची ओळ सुटली. मोजून देणारं कुणी नव्हतं. एकेक आवाज खाली बसत गेला, आणि शेवटी करुणा एकटीच गात राहिली. जेवढं गाता आलं तेवढं तिने गायलं. मग तिलाही पुढे जाता आलं नाही.

गाणं तिथेच राहिलं.

सर तिथून निघून गेले नाहीत. निघून जायला हवं होतं, महिना अजून होता. पण ऐकलं त्यांनी सगळं, आणि कुणी कुठे शिरायचं ते दाखवायला हात मात्र वर केला नाही. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले होते आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट आवळलं होतं, असं मागे उभ्या असलेल्या कुणीतरी नंतर कुशाबाईंना सांगितलं.

बौद्धाचार्यांनी त्रिशरण सुरू केलं. गावाच्या तोंडातलं होतं, सगळ्यांनी म्हटलं.

लोक पांगले तशी करुणा बाभळीपाशी आली.

"एक हात, सर," ती म्हणाली. "तुमी नुसता एक हात वर केला असता, तर गाणं उभं ऱ्हायलं असतं."

"हो," सर म्हणाले.

"माझ्या बापाला तुमी मातीचं फावडं दिलं व्हतं. तापात आला व्हता तो तुमच्यासाठी."

"हो."

त्यांनी आणखी काही सांगावं म्हणून ती थांबली. अक्काबाई लांबून बघत होत्या. सरांनी मान खाली घातली आणि हात जोडले. करुणा पाठ फिरवून गेली.

महिना संपल्यावर सरांनी दाढी केली, आरशावरची चादर काढली, आणि पुढच्या गुरुवारी शाळेचा वर्ग उघडला. गेणबा आले, कुशाबाई आल्या, शिवणकामवाल्या दोघी आल्या. बाकीची बाकं रिकामी. इंदापूरचं सभागृह त्यांनी फोन करून रद्द केलं. कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एक तास साधे सूर लावून माणसं घरी जायची. गेणबा दर वेळी म्हणायचे, "पुढल्या गुरवारी येतील बाकीची." दर वेळी तेवढीच असायची. मुलाचा शुक्रवारचा फोन यायचा. सर आता त्याला लगेच नाही म्हणत नसत. बघू म्हणत.

उन्हाळा तापला. मे महिन्यात एका दुपारी दार वाजलं. बाहेर करुणा उभी होती, डोक्यावरून ओढणी घेतलेली, घामाने चेहरा लाल झालेला. सरांनी पाण्याचा तांब्या दिला. ती उभ्यानेच पाणी प्यायली.

"आईनं काल सांगितलं," ती म्हणाली. "आजवर गप व्हती. काल आप्पांचे कपडे वाटून देत व्हतो, तवा तिच्या तोंडून गेलं. तुमी घरी आला व्हता. येतो म्हनाला व्हता. आप्पाच नको म्हनले."

सर खुर्चीत बसले.

"एवढं मोठं तुमी का न्हाय बोललात? मी तुमाला त्या दिवशी नाही नाही ते बोलले."

"बोललो असतो, तर तू कुणावर रागावली असतीस?" सर म्हणाले. "चितेपाशी उभी असताना?"

 ती खाली जमिनीवर बसली, आणि वडील गेल्यापासून जे तिला रडता आलं नव्हतं ते सगळं तिथे बाहेर पडलं. सर उठले नाहीत, तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. ते नुसते तिच्याबरोबर बसून राहिले. खालच्या रस्त्यावरून कलिंगडवाला ओरडत गेला.

बऱ्याच वेळाने तिने ओढणीने तोंड पुसलं.

"पण तरीबी, सर. हात वर करायला पायजे व्हता."

"मला पण तसं वाटतं," सर म्हणाले. "कधी वाटतं. कधी वाटतं, तुझे आप्पा म्हणाले ते बरोबर. ते म्हणाले पाळा. सिमहा म्हणाली असती जा. त्या दिवशी बाभळीखाली मी नक्की कुणाचं ऐकत होतो, ते मला अजून कळलेलं नाही. मी गुंतून उभा होतो, एवढंच. आणि तेवढ्यात गाणं पडलं."

 थोड्या वेळाने ती उठली, दाराशी गेली.

"गुरवारी किती जण असत्यात?"

"चार."

"डेअरीच्या त्या दोघांना मी बोलते. ते लाजून येईनात. त्यांना वाटतंय त्यांच्यामुळं झालं." ती चप्पल घालता घालता थांबली. "सर, दुसरं कायतरी शिकवा. ते न्हाय."

"ते नाही," सर म्हणाले.

गुरुवारी ती आली. तिच्यामागे डेअरीचे दोघं, मान खाली घालून. आणखी दोन-चार जण आले. सरांनी फळ्यावर नवं गाणं लिहिलं, सोपं, सकाळचं, तीन आवाजांचं. चौथा, सगळ्यात खालचा आवाज त्यात मुळातच नव्हता आणि तो का नाही हे कुणी विचारलं नाही. गेणबांनी खोकून गळा साफ केला. कुशाबाईंनी पदर खोचला. सरांनी हात वर केला, आणि तो तसाच वर ठेवला, सगळे तयार होईपर्यंत.

त्या दिवशी कुणालाच नीट गाता आलं नाही. पण शेवटच्या एसटीची वेळ होईपर्यंत कुणी उठूनही गेलं नाही.